बरोबर उत्तरावर लाल फुली

मैत्रिणींनो, संध्याकाळी सात-साडेसातचा सुमार तुमच्याही घरी असाच असणार. कुकरची दुसरी शिट्टी होते आहे, तव्यावर पोळी आहे, आणि स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसलेलं आपलं पोर मोठमोठ्यानं काहीतरी घोकतंय. आपलं निम्मं लक्ष पोळीकडे, निम्मं त्या घोकण्याकडे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळा मराठी, पण गणित आणि शास्त्र इंग्रजीतून. सेमी-इंग्लिश म्हणतात ते. (आता ‘विज्ञान’ म्हणायचं असतं, पण आमच्या तोंडी अजून शास्त्रच बसलंय.) तर बाईसाहेब पुढे-मागे झुलत पाठ करत होत्या, ‘इव्हॅपोरेशन, इव्हॅपोरेशन’. व्याख्या अगदी घडाघडा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी सहज विचारलं, “अगं, पण म्हणजे काय?”

तिनं तीच व्याख्या पुन्हा म्हणून दाखवली.

“ते नव्हे. गॅलरीत सकाळी तुझ्या बाबांचे कंपनीचे कपडे पिळून टाकले होते. ते वाळले. त्यातलं पाणी गेलं कुठं?”

“ऊन लागून वाळले.”

“अगं, पण पाणी कुठं गेलं?”

बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, “अगं वेडे, तेच की ते! बाष्पीभवन!”

“आई, तो तुझा शब्द. आमच्यात तो नसतो,” असं म्हणून तिनं पान उलटलं. “जाऊ दे, तुला नाही कळणार.”

पोरं बोलून जातात. आपण मनावर घेऊ नये, हे कळतं. पण त्या दिवशी पोळी करपली, एवढं खरं.

का लागलं म्हणाल, तर त्याला एक जुनी गोष्ट आहे. मी खेड तालुक्यातली. १९९८ साली दहावी झाले, गावच्या मराठी शाळेतून. शास्त्रात वर्गात पहिली. तरफ शिकवायला आमच्या गुरुजींनी पहार आणि धोंडा घेऊन सगळा वर्ग मैदानात काढला होता, आणि कप्पी शिकवायला विहिरीवर नेलं होतं. पुढे मोठ्या हौसेनं अकरावी सायन्सला शहरात नाव घातलं. तिथं सगळं इंग्रजीतून. पहिल्याच तासाला ‘व्हेलॉसिटी’ हा शब्द वीसेक वेळा आला असेल. मला वाटलं, हे काहीतरी नवंच प्रकरण आहे, आपल्याला न शिकवलेलं. ते म्हणजे ‘वेग’, हे मला दिवाळीच्या आसपास कळलं! वेग मला येत होता हो. उदाहरणंसुद्धा सुटत होती. पण वर्गात हात वर करून “सर, व्हेलॉसिटी म्हणजे काय?” हे विचारायची लाज वाटली. आजूबाजूच्या मुली भराभर लिहून घेत होत्या. मी एक वही केली, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. महिनाभर भरली. मग शब्द इतके पुढे पळाले आणि मी इतकी मागे राहिले, की ती वही कुठं गेली तेही आठवत नाही. बारावीला भौतिकशास्त्रात नापास झाले. घरी म्हणाले, “हिच्या डोक्यात सायन्स नाही.” मीही तेच मानलं. बी. ए. केलं, लग्न होऊन मोशीला आले. इतकी वर्षं हेच धरून बसले होते, की आपल्या डोक्यात ते नाही. आणि आता माझीच मुलगी तेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पुस्तक घेऊन बसले. तुम्हीही एकदा बसून बघा. इंग्रजी शब्दांचा बागुलबुवा जरा बाजूला सारला, तर आत आपलंच स्वयंपाकघर आहे! उष्णता तीन तऱ्हांनी जाते असं पुस्तक सांगतं : वहन, अभिसरण आणि प्रारण. आमटीत ठेवलेल्या स्टीलच्या डावाचं टोक चटका देतं, ते वहन. डाळ रटरटताना तळचे दाणे वर येतात आणि वरचे खाली जातात, ते अभिसरण. आणि तव्याला हात न लावताही तो तापलाय हे वरून हात धरून आपल्याला कळतं, ते मुख्यतः प्रारण. आपण रोज तिन्ही करतो, फक्त नाव घेत नाही. देवघरातल्या डबीतला कापूर न जाळताही कमी होतो, म्हणून आपण त्यात चार मिरे टाकून ठेवतो. तो कापूर वितळत नाही, पाणी होत नाही, सरळ हवेत जातो. त्याला संप्लवन म्हणतात. शब्द जरा बोजड आहे, हे मान्य. पण डबीचा वास घेऊन सांगितलेला संप्लवन पोरं विसरत नाहीत.

मग मी ठरवलं, तिच्याशी शब्दांवरून भांडायचं नाही. आधी वस्तू दाखवायची. मग आपल्या बोलण्यातला शब्द, मग पुस्तकातला मराठी, आणि त्याच्याच पाठीला पाठ लावून इंग्रजी. इंग्रजी सोडून चालणार नाही, हे मी माझ्या अंगावर शिकले आहे. कुणी ‘मराठी शब्दच खरे’ म्हणून अडून बसले, तर त्यांनी माझी बारावीची गुणपत्रिका पाहावी. पण नुसत्या इंग्रजीनं काय होतं, तेही मी त्या संध्याकाळी पाहिलं होतं.

सुरुवातीला ती नाखूष होती. मग एक दिवस मजा झाली. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. तेव्हापासून भरून ठेवण्याची सवय लागली ती लागलीच. भरलेली कळशी कमरेवर घेऊन मी जिन्याशी शेजारणीशी बोलत उभी होते, चांगली दहा मिनिटं. वर आल्यावर मुलगी म्हणाली, “आई, शास्त्राप्रमाणे तू आत्ता काहीच काम केलं नाहीस!” वस्तू हलली तरच ‘कार्य’ होतं, नुसती धरून उभं राहिलं तर होत नाही, असं ती वाचून आली होती. मी म्हटलं, “हे तुझ्या बाबांना सांगू नकोस, आयतंच कोलीत मिळेल.” खूप हसलो. पण हसता हसता तिच्या लक्षात आलं, की घरातलं काम वेगळं आणि पुस्तकातलं कार्य वेगळं, आणि कळशी जिना चढून वर नेली ते मात्र दोन्हीकडचं काम. अशी फसवी जोडी आणखी एक आहे. भाजीवाला म्हणतो ‘वजन एक किलो’, पुस्तक म्हणतं किलोत मोजायचं ते वस्तुमान. चंद्रावर गेलं तर वजन साधारण सहावा हिस्सा होईल, वस्तुमान आहे तेवढंच राहील. त्यावर पोरीचं म्हणणं, “मग भाजी तिथून आणू नये, ताणकाट्यावर मोजली तर एका किलोच्या पैशात सहा किलो द्यावी लागेल त्याला!” म्हणजे कळलं की नाही?

हळूहळू खालच्या मजल्यावरची दोन-तीन मुलं संध्याकाळी येऊन बसू लागली. एक लातूरकडचा, वडील भोसरीत प्रेसवर. आमचे हे चाकणला मशीन शॉपमध्ये आहेत, आय. टी. आय. केलेले. फारसे बोलणारे नाहीत. बोलतात ते लोखंडाशी. पण एकदा मुलं ‘व्हर्नियर कॅलिपर’ पाठ करत होती. त्याचं चित्र पुस्तकात, आणि वस्तू कुणी हातात धरलेली नाही. ह्यांनी मुकाट्यानं कपाटातून स्वतःचा व्हर्नियर काढला. “काय मोजायचं?” मी हातातली काचेची बांगडी काढून दिली.

मैत्रिणींनो, आपण कासाराकडे ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ असं माप सांगतो. ते काय आहे, तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश इंच, बांगडीचा आतला व्यास. ह्यांनी छोट्या जबड्यांनी आतून मोजलं, साठ मिलिमीटरच्या जरासं वर भरलं. मोठ्या जबड्यांनी बाहेरून मोजलं, ते जास्त. मग वजाबाकी करून आणि आलेल्या आकड्याचं निम्मं करून बांगडीची जाडी मुलांनी काढली. ह्यांच्या व्हर्नियरवर मिलिमीटरचा पन्नासावा भागसुद्धा कळतो. त्याला पुस्तकात ‘लघुतम माप’ म्हणतात, आणि कंपनीत सगळे ‘लीस्ट काउंट’ म्हणतात. ह्यांना मराठी शब्द त्या दिवशी प्रथम कळला. लातूरचा मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “काकू, माझ्या पप्पांकडं पण आहे हा. मला कधी दाखवलाच नव्हता.” चाकण, भोसरी, तळवडे इथं हजारो घरांतून बाप रोज ही मापं मोजतोय आणि पोर घरी त्याच मापांची व्याख्या घोकतंय, दोघांची गाठच पडत नाही. शिफ्टच तशा असतात, दुसरं काय.

शब्द नीट कळण्याचा उपयोग फक्त मार्कांपुरता असतो असं मात्र समजू नका. ‘जिवाणू’ आणि ‘विषाणू’ घ्या. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तयार व्हावं म्हणून. जुनी माणसं अजून त्याला ‘एच. ए. कंपनी’ म्हणतात. म्हणजे अँटिबायोटिक हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. मराठीत त्याला प्रतिजैविक म्हणतात. ती जिवाणूंवर चालते. साधी सर्दी असते विषाणूची, त्यावर तिचा काही उपयोग नाही. हे मुलीच्या आठवीच्या धड्यात आहे. मागच्या पावसाळ्यात तिला सर्दी-ताप झाला, तेव्हा मीच डॉक्टरांना म्हटलं होतं, “एखादी स्ट्राँग अँटिबायोटिक द्या ना.” डॉक्टरांनी दिली नाही, आणि मी मनात त्यांना नावं ठेवत आले. घरी आल्यावर अंथरुणातूनच मुलगी म्हणाली, “आई, विषाणू असेल. विषाणूवर नाही चालत.” दोन अक्षरांचा फरक, पण तो आईला माहीत नसला, की औषध पोटात उगाचच जातं. आणि उगाच घेतलेल्या प्रतिजैविकांनी जिवाणू निर्ढावतात, मग खरी गरज पडते तेव्हा औषध चालेनासं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

गेल्या जूनमध्ये आमच्या मागच्या चाळीत बिहारचं एक कुटुंब राहायला आलं. वडील ढलाईच्या कारखान्यात, आई पॅकिंगला जाते. थोरली मुलगी आमच्या मुलीएवढीच, आठवीत. सातवीपर्यंत गावी हिंदीतून शिकलेली. हिंदी शाळा इथून लांब, म्हणून जवळच्या मराठी शाळेत घातली. लिपी तीच, त्यामुळे वाचायला अडचण नाही. दिवाळीपर्यंत मराठी बोलायलाही लागली, ‘आंटी, मी येऊ का’ असं. मोठी चुणचुणीत. पण घटक चाचणीत शास्त्रात वीसपैकी सात.

संध्याकाळी तिची आई दारात. “दीदी, तिचे पप्पा म्हणतात, हिला इथं जमत नाही. छठनंतर गावी दादीकडे ठेवतील.” आणि खाली बघून म्हणाली, “गावी गेली की मग पढाई कसली. मलाही आठवीतच बसवली होती घरी.” हे ती हिंदीत बोलली, पण ते कळायला भाषांतर लागत नाही.

मी मुलीला म्हटलं, पेपर आण बघू. आणला. ‘आम्लारी म्हणजे काय?’ याच्या उत्तराची जागा कोरी. ‘क्षार म्हणजे काय?’ याच्या उत्तरात तिनं लिहिलं होतं, ज्याच्या द्रावणात लाल लिटमस निळा होतो तो क्षार. त्यावर लाल फुली. पुढे क्षाराचं उदाहरण विचारलं होतं, तिनं लिहिलं होतं चुन्याची निवळी. तिथंही फुली.

माझीही चूक झालीच. मी म्हटलं, “अगं, क्षार म्हणजे मिठासारखे पदार्थ. लाल लिटमस निळा करते ती आम्लारी. वाचलं नाहीस का?”

ती म्हणाली, “आंटी, वाचलं. पण मला हे आधीपासून येतं. तिकडे असंच होतं.” डोळे भरले होते, पण हट्ट सोडत नव्हती. मग पळत घरी जाऊन गावाहून आणलेली सातवीची जुनी वही घेऊन आली. आणि मैत्रिणींनो, वही उघडली आणि मी गार झाले! हिंदीत धड्याचं नावच ‘अम्ल, क्षारक और लवण’. तिकडे लाल लिटमस निळा करणारा तो क्षारक किंवा क्षार, आणि मिठासारखा तो लवण. आपल्याकडे लाल लिटमस निळा करते ती आम्लारी, आणि मिठासारखा तो क्षार. एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ! पोरीनं जे लिहिलं होतं ते तिच्या भाषेत शंभर टक्के बरोबर होतं. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाचंच उत्तर तिनं पुढच्या प्रश्नाखाली लिहिलं होतं.

मला माझी व्हेलॉसिटी आठवली.

त्या संध्याकाळी सतरंजीवर आम्ही बसलो, त्या दोघी आणि मी. आमची म्हणते बेस, ती म्हणते क्षारक, मी म्हणते आम्लारी. आमची म्हणते सॉल्ट, ती लवण, मी क्षार. मग मी शब्द बंद केले. तिच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग होता, त्यावर ओला साबण घासला. हळद लालभडक झाली. आपण हे कपडे धुताना हजार वेळा पाहिलंय, नाही? आमच्या सासूबाई म्हणायच्या, “राहू दे, उन्हात जाईल.” हळद हा पुस्तकाच्या भाषेत ‘दर्शक’ आहे, दाखवून देणारा. साबणाचं पाणी, खायचा सोडा, चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. मग त्याच डागावर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा. पोरी ओरडल्या! मी विचारलं, साबणाचा कोण शत्रू? लिंबू. लिंबू काय? आम्ल. आणि ‘अरी’ म्हणजे शत्रू, मुरारी म्हणतो आपण, मुराचा शत्रू, तसा आम्लाचा शत्रू तो आम्लारी. “अरे, म्हणजे शब्दातच उत्तर आहे!” असं म्हणाली कोण, तर आमची सेमी-इंग्लिशची! “बेसमध्ये काहीच नाही लिहिलेलं.”

‘क्षार’ शब्दासाठी तर लांब जावंच लागलं नाही. मोशीला बोअरचं पाणी ज्यांच्याकडे येतं त्यांना विचारा. बादलीवर, नळावर, गीझरच्या कॉइलवर तो पांढरा थर. “पाण्याला क्षार फार आहेत,” असं आपण म्हणतोच. तो थर काढायला लिंबू किंवा व्हिनेगर लावून ठेवावं, बुडबुडे येतात आणि थर सुटतो. या अंकाच्या घरगुती सूचनांतही तुम्हाला कधीतरी सापडेल हे. पोरीनं बादलीवरचा थर नखानं खरवडला आणि म्हणाली, “तर मराठीत हा क्षार. माझ्या गावचा क्षार वेगळा.” असं पक्कं दोन खणांत ठेवून दिलं तिनं.

तिच्या आईला रजा नव्हती, वडिलांची रात्रपाळी. मीच तिच्याबरोबर शाळेत गेले, दोन वह्या घेऊन. मनात होतं, भांडण होणार. बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, “मार्क मला आपल्या पुस्तकाप्रमाणेच द्यावे लागतील हो. पण खरं सांगते, हिंदीत क्षार म्हणजे आम्लारी, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या वर्गात अशी आणखी सहा मुलं आहेत.” त्यांनी उठून कपाटातून त्या सहा जणांचे पेपर काढले. त्यांतल्या चौघांची तीच चूक. म्हणजे चूक तरी कशी म्हणायची! बाईंवर राग धरावा असं काही उरलं नाही. साठाच्या आसपास मुलं, निरनिराळ्या गावांची. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी बिहारचं, कुणी ओडिशाचं. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो.

हे शब्द तयार करणाऱ्यांनी काही कमी मेहनत घेतलेली नाही, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तकं लिहिली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय निघालं, त्यांनी एकेका विषयाचे परिभाषा कोश केले. बालभारतीच्या नववी-दहावीच्या पुस्तकांत मराठी शब्दाशेजारी कंसात इंग्रजी शब्दही छापलेला असतो. तो माझ्या वेळी असता तर, असं मनात येतंच. काही शब्द तर इतके नेमके आहेत की इंग्रजीनं हेवा करावा. ‘ऑक्सिजन’चा मूळ अर्थ आम्ल निर्माण करणारा. लावॉझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला वाटलं, प्रत्येक आम्लात तो असतोच. ते चुकीचं निघालं. फरशी घासायला आपण ॲसिड आणतो त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा पत्ता नाही. आपला ‘प्राणवायू’ कितीतरी खरा! तरी २०२१ च्या एप्रिलमध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द होता, आणि आता तो मराठीच झाला म्हणायला हरकत नाही. माझ्या माहेरी शेतावर खताच्या पोत्याचं नाव निघालं की अडाणी माणूससुद्धा ‘नत्र, स्फुरद, पालाश’ म्हणतो. हे तिन्ही शब्द रसायनशास्त्राचे, आणि त्याला कुणी घोकायला लावले नाहीत.

पण कोश करणारे विद्वान मराठीचा कोश करतात, हिंदीचे हिंदीचा. मोशीच्या चाळीत हे दोन कोश एकाच पोरीच्या डोक्यात येऊन आदळणार आहेत, हे त्यांना कसं सुचावं? ते आपल्यासारख्यांनीच बघायला हवं. तुमच्या शेजारीही असं एखादं मूल असेल. त्याची जुनी वही एकदा मागून बघा. आमच्या हाती अजून काही जोड्या लागल्या आहेत : आपलं ‘वस्तुमान’ तिकडे ‘द्रव्यमान’, आपलं ‘द्रावण’ तिकडे ‘विलयन’. हे सोपं, कारण शब्द वेगळे आहेत. घात करतात ते सारखे दिसणारे.

छठच्या आधी तिचे वडील स्वतः आले. पायरीवरच उभे राहिले, आत येईनात. ह्यांनी ढलाईची चौकशी केली, कुठल्या भट्टीवर, किती तापमान, अशी. मग माणूस बसला. चहा घेतला. मी दोन्ही वह्या दाखवल्या. त्यांनी स्वतः दहावी हिंदीतून केलेली, ‘क्षारक’ त्यांना आठवत होता. पेपरावरची फुली बघून ते मोठ्यानं हसले आणि मग एकदम गप्प झाले. म्हणाले, “ये तो सही लिखी है.” जाताना विचारलं, पाठवताय का? “देखते हैं, दीदी.” छठ झाली. पोरगी इथंच आहे. एप्रिलच्या परीक्षेनंतर काय, ते अजून कुणी बोललेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

मध्यंतरी एका रविवारी पोरांना घेऊन चिंचवडच्या सायन्स पार्कला जाऊन आलो. महापालिकेनं केंद्र सरकारच्या विज्ञान संग्रहालय परिषदेबरोबर २०१३ मध्ये सुरू केलेलं. जाताना बसवाल्यानं नाशिक फाट्याला असा करकचून ब्रेक मारला की सगळे पुढे आदळलो. लातूरचा ओरडला, “जडत्व!” बिहारची म्हणाली, “जड़त्व!” आणि आमची “इनर्शिया!” कंडक्टरला वाटलं, आम्ही त्याला शिव्या देतोय.

मी एक नवी वही केली आहे. तीन रकाने. आमच्या मुलीनं पट्टीनं आखून दिले, आणि पहिलं पान तिनंच भरलं. परवा कणीक मळत होते, तर आतून विचारते, “आई, रिफ्रॅक्शनला तुमच्यात काय म्हणतात गं?”

तुमच्यात! म्हटलं, “अपवर्तन. ग्लासात चमचा वाकडा दिसतो ते. हिंदीत काय, ते तिला विचारून लिही.” ती चप्पल घालून मागच्या चाळीत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.